भाताचं भांडं टेबलावरच राहू द्या

(एका वाचक मैत्रिणीच्या पत्राचा सारांश. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"मी मूळची रत्नागिरीची. लग्नानंतर कॅलिफोर्नियात, बे एरियात राहते. नवरा फिलिपिनो, त्याची आई फिलिपिन्समधल्या बातांगासची. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात आणि बराचसा स्वयंपाक त्याच करत आल्या. गेल्या वर्षी माझी एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तपासणी, ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, खाणं बदला. मी पॅलिओ, म्हणजे अश्मयुगातल्या माणसासारखं खाणं, सुरू केलं. भात, पोळी, डाळी, दूध, साखर सगळं बंद. वजन उतरलं, हुरूप आला, मग घरच्यांसाठीही तसंच करायला लागले. फ्लॉवर किसून त्याचा 'भात', अडोबोत (व्हिनेगरमध्ये शिजवलेलं त्यांचं मांस) सोया सॉसऐवजी कोकोनट अमिनोज. सिनिगांग या त्यांच्या आंबट रश्शातला पाकिटातला मसालाही सोडला. सासूबाई काही बोलत नाहीत, पण टेबलावर दोन घास खातात आणि नंतर किचनमध्ये उभ्याउभ्या भात खातात. काळजी करतील म्हणून रिपोर्टचं त्यांना नीट सांगितलेलं नाही. नवरा म्हणतो, 'तुम्ही दोघी मिळून ठरवा.' मागच्या अंगणात दोन वाफे आहेत, त्यावरूनही धुसफूस. मला रोझमेरी, थाइम, बेसिल हवंय, त्यांना शेवगा, मिरच्या, अळू. उन्हाळ्यात माझी आई सहा महिन्यांसाठी येतेय. ती मासे-चिकन खाते, डुकराचं मांस नाही. मी माझं वेगळं शिजवू का? की हे पॅलिओच सोडून देऊ?"

सप्रेम नमस्कार.

वेगळी चूल मांडू नका, आणि नीट चाललेलं खाणंही एकदम सोडू नका. त्याआधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्हीच पुन्हा वाचा, ते रिपोर्टचं. तुमच्या सासूबाईंना ६.१ हा आकडा माहीतच नाही. मग त्यांना काय दिसतंय? सुनेने एके दिवशी आपला भात टेबलावरून उचलला, आपल्या अडोबोत दुसरंच काहीतरी ओतायला सुरुवात केली आणि वर ते चांगलं कसं आहे हे समजावून सांगितलं. तुम्ही साखर कमी करताय. त्यांना वाटतंय, आपल्या हातचं हिला नकोसं झालंय. कोकणातल्या कुठल्याही घरात सासूने यावर दोनच गोष्टी केल्या असत्या: आदळआपट किंवा अबोला. तुमच्या वाट्याला अबोला आलाय.

तेव्हा पहिलं काम स्वयंपाकाचं नाही. रिपोर्ट घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि सांगा. ५.७ ते ६.४ म्हणजे अजून मधुमेह नाही पण वाट तिकडची आहे, हे समजायला त्यांना वेळ लागणार नाही. आणि हे सांगताना तुमचे यजमान तिथे हवेत. 'तुम्ही दोघी मिळून ठरवा' हे फार सोयीचं वाक्य आहे. मराठी नवरेही ते वापरतात, त्यामुळे यात फिलिपिनो असं काही नाही. आई त्यांची आहे, तेव्हा निदान सुरुवात त्यांनी करावी.

आता जेवणाकडे येऊ. तुम्ही असं धरून चालला आहात की फिलिपिनो जेवण एकीकडे, तुमची तब्येत दुसरीकडे, आणि तुम्हाला बसून एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचंय. मला हेच पटत नाही. बातांगासमध्ये वाढलेल्या बाईला असे कितीतरी पदार्थ येतात, ज्यात पॅलिओवाल्यांना काढायला काही सापडणार नाही. तुम्ही पाककृती इंटरनेटवर शोधल्यात आणि घरात जाणकार बसलेली असताना तिच्या पदार्थाची दुरुस्ती केलीत.

अडोबोच घ्या. सोया सॉस फिलिपिन्समध्ये चिनी व्यापाऱ्यांबरोबर आला. व्हिनेगर, मीठ, लसूण यांत मांस शिजवण्याची रीत त्याहून जुनी, आणि ती आजही जिवंत आहे. सोया सॉसशिवायच्या अडोबोला 'अडोबोंग पुती' म्हणतात, म्हणजे पांढरा अडोबो. खुद्द बातांगासची खासियत आहे ती पिवळ्या अडोबोची, 'अडोबो सा दिलाव'. त्यात ओली हळद पडते. हळद, लसूण, मिरी आणि आंबट! रत्नागिरीच्या मुलीला याहून ओळखीचं काय हवं? आणि तुम्ही महागाचे कोकोनट अमिनोज घालत बसलात. (माझं स्पष्ट मत: ते गोडसर पाणी अडोबोत शोभत नाही. नारळाच्या नीऱ्यापासून करतात म्हणून त्याला सोवळं समजू नये.)

साधारण प्रमाण देते. सासूबाईंचं वेगळं असेल तर त्यांचंच धरा. हाडासकट चिकनच्या मांड्या एक किलो, अर्धी वाटी व्हिनेगर, एक अख्खा गड्डा लसूण ठेचून, चमचाभर अख्खी मिरी, दोन-तीन लॉरेलची पानं, बोटभर ओली हळद वाटून, मीठ आणि पाऊण वाटी पाणी. लॉरेल म्हणजे आपलं तमालपत्र नव्हे. दोन्ही झाडं वेगळी, वासही वेगळा. भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या, अॅल्युमिनियम नको. व्हिनेगर घातल्यावर उकळी येईपर्यंत झाकण ठेवायचं नाही आणि ढवळायचंही नाही, असा तिकडच्या बायकांचा दंडक आहे. नाहीतर आंबट कच्चं लागतं म्हणतात. उग्र वास गेला की झाकून अर्धा तास मंद आचेवर. मग झाकण काढून रस आटवा आणि सुटलेल्या तेलात तुकडे थोडे लाल होऊ द्या. व्हिनेगर माडाच्या ताडीचं मिळालं तर उत्तम. गोव्यात विंदालूला जे वापरतात त्याच जातीचं, फिलिपिनो दुकानात 'सुकांग तुबा' म्हणून मिळतं.

दुसरा पदार्थ बातांगासचाच, 'सिनाइंग ना तुलिंगान'. तुलिंगान म्हणजे आपल्या गेदर-कुप्याच्या कुळातला लहान मासा. त्याला चिरा देऊन, मीठ लावून, तळहाताने दाबून चपटा करतात. मातीच्या मडक्यात केळीचं पान, त्यावर मासे आणि वाळवलेली कामियास, थोडं पाणी, आणि मग तासन्‌तास मंद आच. कामियास म्हणजे आपल्याकडे गोव्या-मालवणला ज्याला बिंबलं म्हणतात तेच आंबट फळ. धान्य नाही, डाळ नाही, साखर नाही. काही घरांत तळाला डुकराची चरबी घालतात. तुमच्या आई असतील तेव्हा ती वगळा, मासा अडून बसणार नाही. माझी खात्री आहे की त्या मडक्यातला रस चाखून तुमच्या आई म्हणतील, हे तर आपलंच.

सिनिगांगबद्दल तुमचं बरोबर आहे. पाकिटातल्या मसाल्यात मीठ-साखर भरपूर असते, तो सोडलात ते चांगलं केलंत. पण त्याच्या जागी काय घातलंत ते लिहिलं नाहीत. चिंच तर चालतेच. पण सिनिगांग एका आंबटावर अडणारा पदार्थ नाही: कुठे चिंच, कुठे कामियास, कुठे पेरू. विसाया बेटांवर, विशेषतः इलोइलो-बाकोलोदकडे, 'बातुआन' नावाचं फळ आंबटासाठी घालतात. ते गार्सिनिया वंशातलं आहे, म्हणजे आपल्या कोकमाचं भावंड. तेव्हा एखाद्या दिवशी सासूबाईंच्या परवानगीने त्यात चार आमसुलं टाका. रंग बदलेल, पण पदार्थाचा धर्म बुडणार नाही. मुळा, वांगी, भेंडी, चवळीच्या शेंगा हे सगळं त्यात असतंच. दाटपणासाठी अळकुडी असते, ती तुम्ही कमी घ्या.

तिनोला तर तुम्हाला माहीतच असेल. आलं, चिकन, कच्ची पपई आणि गॅस बंद करताना मूठभर शेवग्याचा किंवा मिरचीचा पाला. सासूबाई त्यात तांदळाचं धुवण घालत असतील तर कृपया हरकत घेऊ नका. तेवढ्या पिठूळ पाण्याने कोणाची साखर चढत नाही, मनं मात्र नक्की दुखावतात. बिकोलकडचं 'लाइंग' म्हणजे वाळवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात. तेही तुमच्या नियमात बसतं. पानं शिजेपर्यंत ढवळायची नाहीत, नाहीतर घसा खवखवतो, असं तिथे मानतात. आपण त्याच भीतीने फदफद्यात चिंच किंवा आमसूल घालतो.

एक सावधगिरी. यातल्या काही पदार्थांत मीठ 'पातिस'मधून, म्हणजे माशाच्या सॉसमधून येतं. एका मोठ्या चमच्यात हजार मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं, आणि दिवसभराची शिफारस दोन हजारांच्या आतली आहे. पॅलिओच्या यादीत पातिस चालतं म्हणून ते मोजायचं नाही असं नव्हे. ब्लडप्रेशर असलेल्या वाचकांनी हे आधी बघावं.

आता पॅलिओबद्दलच थोडं. हे तुम्हाला आवडणार नाही कदाचित. १९८५ मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला, तिथून ही कल्पना वैद्यकीय चर्चेत आली. २००२ नंतर लॉरेन कॉर्डेन यांच्यामुळे ती घराघरांत गेली. त्यात तथ्य आहे. स्वीडनच्या स्टाफान लिंडेबर्ग यांनी २००७ मध्ये २९ हृदयरुग्णांवरचा बारा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात अशा आहाराने साखर हाताळण्याची शरीराची क्षमता सुधारली. प्रयोग लहान होता, पण होता. गंमत म्हणजे याच लिंडेबर्गनी आधी पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर अभ्यास केला होता. तिथले लोक रताळी, कोनफळासारखे कंद, अळकुड्या, नारळ आणि मासे यांवर जगायचे, पिष्टमय पदार्थ पोटभर खायचे आणि हृदयविकार जवळपास नव्हताच. शिवाय 'आदिमानव धान्य खात नव्हता' हेही तितकंसं खरं नाही. इस्रायलमधल्या गॅलिलीच्या समुद्राकाठी ओहालो इथे सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी बार्ली दगडावर दळल्याच्या खुणा सापडल्या आहेत. आणि ज्या मिरचीशिवाय, पपईशिवाय तुमचा तिनोला होत नाही ती तर अमेरिका खंडातून, स्पॅनिश काळात तिथे पोचली. अश्मयुगाचा आग्रह धरायचा तर निम्मी कढई रिकामी करावी लागेल.

तुम्हाला अश्मयुगात जायचंय की साखर खाली आणायचीय? दुसरं असेल तर डाळी, कडधान्यं का सोडलीत ते एकदा स्वतःला विचारा. पॅलिओच्या यादीत ती नाहीत, पण साखरेच्या दृष्टीने मूग, मटकी, चवळी यांच्यावर इतका राग धरण्याचं कारण मला दिसत नाही. फिलिपिनो घरांत शुक्रवारी, विशेषतः लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, मुगाची पातळ भाजी करतात. आलं-लसणाची फोडणी आणि वरून शेवग्याचा पाला. पुढच्या वेळी आहारतज्ज्ञांना दाखवून मूग परत आणता आले तर दोन्ही घरांचा एक पदार्थ परत येईल. उलट मध आणि नारळाची साखर घातलेल्या 'पॅलिओ ब्राउनी' घरात येत असतील, तर त्यांच्याकडे संशयाने बघा. साखर माडाची असली तरी साखरच.

आणि भात. हा मात्र खरा प्रश्न आहे, त्याला मी बगल देणार नाही. सासूबाईंसाठी भात म्हणजे जेवण. सकाळी रात्रीचा उरलेला भात लसणात परतून, दुपारी ताजा, रात्री पुन्हा. तुम्ही त्यांना भात बंद केलेला नाही, हे मला मान्य आहे. पण त्यांच्या भाताला टेबलावर जागा ठेवली नाहीत. ती परत द्या. फ्लॉवरचा कीस हवा तर तुमच्यापुरता करा, त्याला भात म्हणू नका, आणि दुसऱ्यांच्या ताटात वाढू नका.

यासाठी फिलिपिनो टेबलाची एक पद्धत तुमच्या फार कामाची आहे. तिथे आचारी शेवटची चव ठरवत नाही. मधे छोट्या वाट्या असतात: मिरची घातलेलं व्हिनेगर, कालामान्सी हे छोटं लिंबू पिळलेलं पातिस, ठेचलेला लसूण. जो तो आपल्या ताटात हवं तसं आंबट, खारट, तिखट करून घेतो. त्याच टेबलावर तुम्ही भात न घेता बसलात तर ते विचित्र दिसत नाही, फक्त हे तुमचं ताट आहे हे सगळ्यांना ठाऊक हवं. नियम ताटात ठेवा, पातेल्यात नको.

तुम्हाला थोडा भात घ्यावासा वाटला तर अर्धी वाटी घ्या, आणि तो शेवटी खा. आधी भाजी आणि मासा किंवा चिकन, मग भात असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. तुमच्या अंगाला काय चालतं ते ग्लुकोमीटर सांगेल. जेवणानंतर दोन तासांनी बघा. जे वाचक इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी भात-पोळी एकदम बंद करू नये. डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला.

वाफ्यांचं भांडण मला सगळ्यात सोपं वाटतं, आणि खरं तर त्यात सासूबाई बरोबर आहेत. तुमची रोझमेरी आणि थाइम वाफ्यात हवीत कशाला? त्यांना कोरडी जमीन आणि कमी पाणी लागतं. कुंपणाजवळच्या दोन कुंड्यांत ती वर्षानुवर्षं राहतील. अळूला आणि गवती चहाला पाणी हवं, ती त्यांच्याशेजारी लावलीत तर एकाची मुळं कुजतील नाहीतर दुसऱ्याची पानं वाळतील. एक वाफा पाणी पिणाऱ्यांचा करा: अळू, गवती चहा, आणि उन्हाळ्यात मांडव घालून मायाळू. मायाळू फिलिपिनो घरांतही खातात, 'आलुगबाती' म्हणून. दुसऱ्यात मिरच्या आणि बेसिल. मिरचीचा कोवळा पाला तिनोल्यात लागतो, पण सगळ्या झाडांचा ओरबाडू नका, नाहीतर मिरच्या धरणार नाहीत. गवती चहाची पानं तुम्ही चहाला घ्या, खालचे पांढरे दांडे सासूबाई चिकनच्या पोटात भरतील.

शेवगा मोठ्या कुंडीत लावा आणि छातीइतका झाला की शेंडा खुडत राहा, म्हणजे पाला हाताशी राहील. बे एरियातली थंडी त्याला सोसत नाही, हिवाळ्यात भिंतीच्या आडोशाला ऊन येईल अशा जागी ठेवा. पानओवाही तसाच, दंव पडलं की काळा पडतो, रात्री आत घ्या. पांदान म्हणजे आपल्याकडे रोपवाटिकेत अन्नपूर्णा म्हणून मिळणारं सुवासिक पान. ते तर खिडकीतच बरं. अळू लावताना कंद खाण्याच्या अळूचाच आहे याची खात्री करा. शोभेच्या मोठ्या पानांच्या जाती तशाच दिसतात आणि त्या खाण्याच्या नसतात.

कालामान्सीचं किंवा कढीपत्त्याचं रोप मात्र दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीकडून उचलून आणू नका. लिंबाच्या झाडांना मारणारा एक रोग पसरवणारी कीड दोन्हींवर वाढते, आणि कॅलिफोर्नियात त्यासाठी क्वारंटाइनची क्षेत्रं आखलेली आहेत. परवानाधारक नर्सरीतून घ्या. आईंनाही सांगून ठेवा की बॅगेत बिया, रोपं, ताजी पानं नकोत. पेरायच्या बियांना कागदपत्रं लागतात आणि न सांगता आणलं तर विमानतळावर दंड होऊ शकतो. आमसुलं तिथल्या भारतीय दुकानात मिळतात.

आई आल्यावर रोजचं जेवण दोघींनाही चालेल असं ठेवा: चिकनचा पिवळा अडोबो, चरबी न घातलेला तुलिंगान, तिनोला, कारल्याची भाजी. डुकराचं मांस करायचं असेल त्या दिवशी वेगळं पातेलं आणि वेगळा डाव. हे दोघींनाही आधी सांगा, समोरासमोर ठरवायची वेळ आणू नका. सासूबाईंना विचारा, 'नानाय (म्हणजे आई), तुमच्या आईच्या घरी तुलिंगान कसा करायचे?' आणि त्या सांगतील तसं, मधे न बोलता, लिहून घ्या. तुमच्या आईंकडूनही बांगड्याचं तिखलं तसंच लिहून घ्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नसली तरी आंबट किती घालायचं यावर त्यांचं जमेल किंवा भांडण होईल, दोन्ही तुमच्या आताच्या शांततेपेक्षा बरं.

एचबीए१सी साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते. तेव्हा हे बदल करून तीन महिने झाले की पुन्हा तपासा, आणि आकडा वाढलेला असो की उतरलेला, या वेळी तो दोन्ही आयांना त्याच दिवशी सांगा.